बारावीची चिनी: वाचकांचे प्रश्न, शिक्षकांची उत्तरं

अकरावी-बारावीला मँडरिन चिनी घेतलेल्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. काही पुण्या-मुंबईच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या) शाळांमधून आले आहेत, काही ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांतून. चिनी शब्द देवनागरीत दिले आहेत. चिनीत आवाजाच्या चढउतारावरून, म्हणजे स्वरावरून, शब्दाचा अर्थ बदलतो. जिथे हा स्वर महत्त्वाचा आहे तिथे शब्दापुढे आकडा आहे: १ म्हणजे वरचा सपाट, २ चढता, ३ खालचा, ४ पडता.

प्रश्न: मुलगी आयबी डिप्लोमाला मँडरिन बी (परकी भाषा म्हणून चिनी), स्टँडर्ड लेव्हल (दोन पातळ्यांतली सोपी) करते. वाचलेलं कळतं, ऐकलेलं कळतं, पण लेखनाच्या पेपरात ३० पैकी १३-१४ च्या पुढे गाडी जात नाही. फ्लॅशकार्डचं अ‍ॅप रोज चालू असतं. अजून शब्द पाठ करायला हवेत का? – पालक, बाणेर, पुणे

नकोत, निदान इतक्यात तरी नकोत. फ्लॅशकार्डमुळे अक्षर ओळखता येतं. मोबाइलवर टाइप करतानाही उच्चार टाकला की पर्याय समोर येतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. पेपरात मात्र कोरा कागद असतो आणि अक्षर हातातून उतरावं लागतं. ओळखणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या मुलीचं दुसरं काम झालेलंच नाही, असा आमचा अंदाज आहे.

खात्री करायची तर घड्याळ लावा. तिला चांगला येणारा धडा घ्या, त्याचं रेकॉर्डिंग वाक्यावाक्याला थांबवत लावा आणि १० मिनिटं तिला हाताने लिहू द्या. मग बरोबर आलेली अक्षरं मोजा. स्टँडर्ड लेव्हलच्या लेखनाला सव्वा तास असतो आणि ३०० ते ४८० अक्षरं लिहायची असतात. १० मिनिटं आखणीला आणि १० तपासायला ठेवली तर ५५ उरतात. चारशेच्या आसपास लिहायचं असेल तर मिनिटाला ७-८ अक्षरं पडतात. घरी येणाऱ्या धड्यालाच वेग मिनिटाला ४ असेल, तर परीक्षेत मुद्दे सुचूनही कागदावर येणार नाहीत. मग मूल सोपी, तोकडी वाक्यं लिहून सुटका करून घेतं आणि भाषेचे गुण तिथेच जातात.

यावर उपाय जुनाच आहे. चिनी शाळांत त्याला थिंगश्ये म्हणतात, म्हणजे आपलं श्रुतलेखन. रोज नवी ८ अक्षरं पुरे. तेच अक्षर पन्नास वेळा घोटण्याने फायदा होत नाही, कारण पाचव्या वेळेनंतर हात चालतो आणि डोकं दुसरीकडे असतं. तीनदा बघून लिहायचं, दोनदा झाकून. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी न बघता एकेकदा. चुकलं की ते अक्षर पुन्हा पहिल्या दिवसावर.

अक्षर रेघारेघांनी पाठ करू नये, तुकड्यांनी करावं. एकच उजवा भाग घ्या, ज्याचा उच्चार छिंग. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की ‘स्वच्छ, नितळ’ (छिंग १). बोलण्याची खूण लावली की ‘कृपया’ (छिंग ३). हृदयाची खूण लावली की ‘भावना’ (छिंग २), सूर्य लावला की ‘निरभ्र’ (छिंग २), आणि डोळा लावला की ‘डोळे’ या शब्दातलं अक्षर, ज्याचा उच्चार थोडा बदलून चिंग (१) होतो. डावीकडून अर्थाचा इशारा मिळतो, उजवीकडून उच्चाराचा. बहुतेक अक्षरं अशीच जोडलेली असतात. ज्या मुलांना हे कुणी दाखवलेलं नसतं, ती प्रत्येक अक्षर स्वतंत्र चित्र म्हणून पाठ करतात आणि तीनशेच्या पुढे गोंधळतात.

जुळ्या अक्षरांची वेगळी वही ठेवा. ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’, दोन्ही माय, पहिला तिसऱ्या स्वरात, दुसरा चौथ्या. चीनमधल्या सोप्या केलेल्या लिपीत विकण्याच्या अक्षराच्या डोक्यावर चिनी दहाच्या अंकाची फुली जास्त असते, बाकी सगळं सारखं. ‘शेवट’च्या अक्षरात वरची आडवी रेघ लांब असते, ‘अजून नाही’च्या अक्षरात तीच आखूड. ‘स्वतः’ आणि ‘आधीच’ यांत फरक फक्त डावीकडची रेघ किती वर चढते एवढाच. असली अदलाबदल झाली की वाक्याचा अर्थच फिरतो. आणि अक्षर आठवलंच नाही, तर तिथे रोमन उच्चार लिहू नये किंवा त्याच उच्चाराचं भलतं अक्षर ठोकून देऊ नये. वाक्य वळवून तीच गोष्ट येणाऱ्या शब्दांत सांगावी. याचाही सराव करावा लागतो.

आता गुणांचा हिशेब. ३० पैकी १२ भाषेला, १२ आशयाला आणि ६ लेखनप्रकाराच्या जाणिवेला. हे शेवटचे ६ सगळ्यात स्वस्तात मिळतात आणि सगळ्यात जास्त वाया जातात. पेपरात तीन विषय असतात, त्यातला एक लिहायचा. प्रत्येकाखाली तीन लेखनप्रकार दिलेले असतात, त्यातून योग्य तो निवडायचा. मुख्याध्यापकांना काही सुचवायचं असेल तर पत्र हवं. तिथे रोजनिशी लिहिली की निवडीतच मार बसला.

पत्राचा साचा हाताला बसलेला हवा. संबोधन अगदी डाव्या कडेला आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं. मजकुराचा प्रत्येक परिच्छेद दोन घरं (एका अक्षराचा चौकोन म्हणजे एक घर) सोडून. शेवटी औपचारिक पत्रात समारोपाचे ठरलेले शब्द: ‘त्सच’ दोन घरं सोडून आणि ‘चिंगली’ पुढच्या ओळीत डाव्या कडेला. सही उजवीकडे आणि तारीख सहीच्या खाली. आपल्या मराठी पत्रात तारीख वर असते, म्हणून मुलं इथे हटकून चुकतात. रोजनिशीत पहिल्या ओळीत तारीख, वार आणि हवामान. भाषणाची सुरुवात श्रोत्यांना उद्देशून आणि शेवट आभाराने. मोठ्यांना ‘निन’, बरोबरीच्यांना ‘नी’. आपल्याकडे ‘अहो’ आणि ‘अरे’ एकाच पत्रात आले तर कसं वाटेल, तसंच ते तपासणाऱ्याला वाटतं.

आशयाच्या १२ गुणांसाठी एकच सवय लावा. प्रश्नात बहुधा दोन-तीन कामं सांगितलेली असतात: प्रसंग सांगा, अडचण समजावा, उपाय सुचवा. प्रत्येक कामाखाली रेघ मारायची आणि प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद द्यायचा. पहिल्या कामावर अडीचशे अक्षरं खर्चून तिसऱ्याला एक वाक्य उरतं, हा नेहमीचा प्रकार आहे.

प्रश्न: मी बारावीला आहे. माझे निबंध परत येतात तेव्हा शेरा असतो, ‘इंग्रजीतून भाषांतर केल्यासारखं’. शब्द बरोबर असतात. मग चुकतं काय? – विद्यार्थी, ठाणे

शब्दांचा क्रम चुकतो. आणि तुझ्याकडे त्यावर एक सोय आहे जी तू वापरत नाहीस. शाळेत चिनी इंग्रजीतून शिकवतात म्हणून तू वाक्य इंग्रजीत जुळवतोस. ते मराठीत जुळवून बघ.

‘मी काल मित्राबरोबर वाचनालयात’ इथपर्यंत चिनी वाक्य मराठीसारखंच चालतं: कोण, कधी, कोणाबरोबर, कुठे. त्यानंतर क्रियापद, आणि कर्म तेवढं क्रियापदाच्या मागे टाकायचं. इंग्रजीच्या वळणाने गेलास तर काळ आणि जागा वाक्याच्या शेपटाला येतात आणि शेरा पडतो.

‘मी काल विकत घेतलेलं पुस्तक’ हे चिनीत ‘वो च्वोथ्येन माय त शू’. मी, काल, घेणं, त, पुस्तक. जिथे आपलं ‘-लेलं’ येतं तिथे ‘त’ बसतं आणि सगळं वर्णन नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ते नामाच्या नंतर येतं, म्हणून इंग्रजी माध्यमातली मुलं ही रचनाच टाळतात. तू टाळू नकोस. अशी दोन वाक्यं निबंधात आली तरी भाषा वरच्या दर्जाची दिसते.

तुलनाही तशीच: ‘तो माझ्यापेक्षा उंच’, ‘था पी वो काओ’. ‘पी’ मात्र ‘मी’च्या आधी येतं. इथे ‘हन’ (खूप) घालायचं नाही. ‘थोडा उंच’ म्हणायचं तर ‘काओ’नंतर ‘ई त्येन’, ‘खूपच उंच’ म्हणायचं तर ‘काओ त त्वो’.

पण मराठी सगळीकडे साथ देत नाही. ‘ती उंच आहे’ मधल्या ‘आहे’साठी तू ‘श’ लिहिणार आणि ते चूक. विशेषणाआधी ‘हन’ किंवा तसं दुसरं क्रियाविशेषण लागतं. ‘आणि’साठी ‘ह’ फक्त नामं जोडतं. ‘मी घरी गेलो आणि जेवलो’ इथे ‘रानहौ’ (मग) घाल, नाहीतर नुसता स्वल्पविराम दे.

सगळ्यात जास्त लाल शाई खातं ते ‘ल’. ती क्रिया पुरी झाल्याची किंवा बदल झाल्याची खूण आहे, भूतकाळाचं चिन्ह नाही. ‘लहानपणी मला पोहायला आवडायचं’ यात ‘ल’ येत नाही, कारण आवडण्याला शेवट नाही. ‘मी गेलो नाही’ यात ‘मेई’ (नकाराचा शब्द) आलं की ‘ल’ जातं. ‘तीन वर्षं चिनी शिकलो’ याला क्रियापदानंतर एक ‘ल’. वाक्याच्या शेवटी आणखी एक ‘ल’ घातलं की अर्थ होतो ‘तीन वर्षं झाली, अजून शिकतोय’. तोंडी परीक्षेत हे वाक्य जवळपास प्रत्येकाला म्हणावं लागतं, तेव्हा ते नीट घोटून ठेव.

राहता राहिले तीन ‘त’. उच्चार एक, अक्षरं तीन: नामाआधी एक, क्रियापदाआधी दुसरं, क्रियापदानंतर तिसरं. मोबाइलवर टाइप करताना यांची सर्रास अदलाबदल होते आणि तीच सवय हातात उतरते. शेवटच्या १० मिनिटांत फक्त ‘ल’, तीन ‘त’ आणि ‘ह’ एवढ्यावरून नजर फिरव. सगळा निबंध पुन्हा वाचत बसलास तर यातलं एकही सापडत नाही.

जोडशब्दांचं एक सांगतो. ‘जरी-तरी’, ‘फक्त एवढंच नाही तर’, ‘याशिवाय’ यांच्या जोड्या पाठ असाव्यात, पण एका निबंधात चार-पाच पुरतात. दर वाक्याला एक आली की पाठांतर उघडं पडतं.

प्रश्न: मुलगा सिडनीत एचएससीला (तिथली बारावीची परीक्षा) चायनीज कंटिन्युअर्स (आधीपासून चिनी शिकणाऱ्यांचा अभ्यासक्रम) करतोय. इंग्रजी उत्तम आहे, तरी ऐकण्याच्या आणि वाचनाच्या प्रश्नांत गुण जातात. शब्दकोश नेता येतो, पण वेळ पुरत नाही म्हणतो. – पालक, वेस्टमीड, सिडनी

या अभ्यासक्रमात १०० पैकी २० तोंडीला, २५ ऐकण्याला, ४० वाचनाला आणि १५ चिनी लेखनाला आहेत. ऐकण्याचे २५ आणि वाचनाच्या पहिल्या भागाचे २५ असे ५० गुण इंग्रजीत उत्तर लिहून मिळतात. म्हणूनच मुलं गाफील राहतात. प्रश्न असतो ‘बोलणारी आईला कसं पटवते?’ आणि मूल ती काय म्हणाली याचं भाषांतर लिहून मोकळं होतं. ते उत्तर नव्हे. आधी युक्ती सांगायची: आधी कबुली देते, मग चुलतभावाचं उदाहरण देते, शेवटी प्रश्न विचारून कोंडीत पकडते. आणि प्रत्येक युक्तीला मजकुरातला पुरावा इंग्रजीत द्यायचा. ‘दृष्टिकोन कसा बदलतो’ असं विचारलं तर आधी काय होता, नंतर काय झाला आणि कशामुळे, या तिन्ही गोष्टी हव्यात. प्रश्नापुढचे गुण बघून उत्तराची लांबी ठरवावी. ५ गुणांच्या प्रश्नाला एक ओळ कधीच पुरत नाही.

ऐकताना मजकूर दोनदा ऐकवतात. पहिल्यांदा कोण, कोणाला, कशासाठी आणि कुठल्या सुरात एवढंच टिपायचं. आकडे, कारणं, नेमके शब्द दुसऱ्या वेळी. पहिल्याच वेळी पूर्ण वाक्यं लिहायला गेलं की पुढचं वाक्य निसटतं.

शब्दकोश छापील लागतो आणि तो घरी रोज हाताळलेला असला पाहिजे. उच्चार माहीत नसलेलं अक्षर मूळ चिन्हावरून, म्हणजे अर्थाचा इशारा देणाऱ्या तुकड्यावरून, शोधावं लागतं: चिन्ह ओळखा, उरलेल्या रेघा मोजा, मग अनुक्रमणिका. वर सांगितलेलं ‘निरभ्र’ घ्या. सूर्य हे चिन्ह ४ रेघांचं, उरलेल्या रेघा ८. घड्याळ लावून रोज पाच अक्षरं शोधायला सांगा. एकाला ४० सेकंदांच्या आत आलं की शब्दकोश उपयोगी, नाहीतर ओझं. पेपरात आधी मजकूर शब्दकोशाशिवाय पूर्ण वाचायचा, मग प्रश्न, मग फक्त प्रश्नाशी संबंध असलेले शब्द शोधायचे. एका उताऱ्याला पाच-सहापेक्षा जास्त वेळा शब्दकोश उघडावा लागला, तर वाचन चुकीच्या जागी अडतंय.

ते बहुधा शब्द तोडण्यापाशी अडतं, कारण चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ‘फाचान चोंग क्वोच्या’ म्हणजे विकसनशील देश: फाचान हा विकास, चोंग म्हणजे चालू असलेला, क्वोच्या हा देश. पण कागदावर पाच अक्षरं सलग असतात, मधली दोन ‘चोंगक्वो’ म्हणजे चीन अशी दिसतात आणि मूल चीनच्या विकासावर उत्तर लिहून येतं. परक्या नावांचंही तसंच. ‘मंगमाय’ दिसलं की मूल ‘माय’ म्हणजे विकत घेणं धरून बसतं. ते मुंबईचं चिनी नाव आहे. जिथे अक्षरांचा अर्थ काही केल्या लागत नाही, तिथे आवाज मनात म्हणून बघायचा. नाव असेल तर कानाला कळतं.

प्रश्न: आयबीच्या तोंडी परीक्षेत चित्रावर बोलताना मी पाठ केलेलं विसरते. शिवाय स्वर चुकतात असं शिक्षक म्हणतात. – विद्यार्थिनी, मुंबई

पाठ करून उपयोग नाही, कारण चित्र आधी दाखवत नाहीत. स्टँडर्ड लेव्हलला तयारीला १५ मिनिटं मिळतात, मग ३-४ मिनिटं तू बोलायचंस, नंतर चित्रावर ४-५ मिनिटं चर्चा आणि शेवटी ५-६ मिनिटं इतर विषयांवर. टिपणं दहाएक मुद्द्यांचीच. म्हणून पाठ करायचा तो क्रम. चित्रात काय आहे, हे ४० सेकंदांत संपव. त्यात कुठला विषय दडलाय, एक मिनिट. चिनी समाजाशी त्याचा संबंध, सव्वा मिनिट. उरलेल्या वेळात तुझं मत.

समजा गावातल्या घरापुढे आजी आणि लहान मुलगा बसलेत. भिंतीचा रंग आणि कोंबड्या सांगत बसू नकोस. आईबाप कामासाठी शहरात गेले की मागे राहणाऱ्या मुलांना चिनीत ‘ल्यौशौ अरथोंग’ म्हणतात, तिकडे लगेच वळ. मग वाटल्यास कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांशी तुलना कर. अशा तुलनेवरून परीक्षकाला पुढचा प्रश्न सुचतो आणि संभाषणाला जे वेगळे ६ गुण आहेत ते सोपे होतात. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायची दोन-तीन चिनी वाक्यं तयार ठेव. गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

स्वरांच्या तीन चुका हमखास होतात. तिसरा स्वर प्रत्येक वेळी खाली जाऊन वर आणू नकोस. बोलण्याच्या ओघात तो खालीच राहतो, आणि वर आणलास की दुसऱ्यासारखा ऐकू येतो. दोन तिसरे लागोपाठ आले की पहिला दुसरा होतो, ‘नी हाओ’सारखा. ‘पू’ म्हणजे नाही, याचा मूळ स्वर चौथा, पण पुढे चौथा आला की त्याचा दुसरा होतो. आणि प्रश्न विचारताना आपण मराठीत शेवटच्या शब्दावर आवाज चढवतो, तसा इथे चढवलास तर शेवटच्या शब्दाचा स्वरच बदलतो. प्रश्नाचं काम वाक्याच्या शेवटी येणारा ‘मा’ करतो, आवाजाने करायची गरज नाही.

उच्चारात मात्र तुला फायदा आहे. रोमन लिपीतला बी हा आपला ‘प’ आहे आणि पी हा ‘फ’ला दोन्ही ओठ मिटून म्हटलेला. डी म्हणजे ‘त’, टी म्हणजे ‘थ’. जी म्हणजे ‘क’, के म्हणजे ‘ख’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा फरक महिनोन्महिने ऐकू येत नाही, आपल्याला तो बाराखडीतच मिळालाय. झेडसाठी ‘चमचा’तला च, जेसाठी ‘चहा’तला च. रोमन अक्षरं बघून ‘ब’ आणि ‘ड’ म्हणणं तेवढं सोड.

प्रश्न: ऐकण्याच्या सरावात मोठे आकडे आणि किमती नेहमी चुकतात. काही युक्ती? – विद्यार्थी, नाशिक

चिनी मोजणी चार-चार शून्यांच्या गटाने चालते, आपली लाख-कोटींची तशी चालत नाही. ‘वान’ म्हणजे १०,०००. दहा वान म्हणजे १ लाख, शंभर वान १० लाख, हजार वान १ कोटी, आणि ‘ई’ (४) म्हणजे १० कोटी. ही चार रूपांतरं पाढ्यासारखी यायला हवीत. पेपरात गुणाकार करायला वेळ नसतो. ऐकताना ‘वान’च्या जागी उभी रेघ मारायची आणि उजवीकडे चार घरं धरायची.

सवलतीतला सापळा असा: ‘ता पा चअ’ ऐकलं की मुलं ८० टक्के सूट लिहितात. किमतीच्या आठ दशांश द्यायचे, म्हणजे सूट २० टक्के. तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने येते. दोन वाजता म्हणताना ‘ल्यांग’ येतो, ‘अर’ नाही.

प्रश्न: बारावीबरोबर एचएसके (चीनची चिनी भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा) हीही द्यावी का? – पालक, डोंबिवली

अकरावीच्या सुट्टीत दिली तर चालेल. जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत चौथ्या पातळीला १,२०० शब्द होते आणि ३०० पैकी १८० ला उत्तीर्ण. तेवढ्याने वाचनाचा पाया पक्का होतो. पण त्यात पत्राचा साचा नाही, दीर्घ निबंध नाही आणि बोलण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. संगणकावर दिली तर हाताने लिहिण्याचा सरावही होत नाही. बारावीच्या दुसऱ्या सहामाहीत देऊ नये.

प्रश्न: आम्हा दोघांनाही चिनीचं अक्षर कळत नाही. घरी काय मदत करणार? – पालक, मेलबर्न

घड्याळ धरा, वही तपासा. तपासायला भाषा यावी लागत नाही: अक्षर चौकोनात मावतंय का, छापील अक्षराशी रेघ न् रेघ जुळतंय का, हे डोळ्यांना दिसतं. श्रुतलेखनासाठी पुस्तकाचं रेकॉर्डिंग तुम्ही लावा आणि थांबवा. मुलाच्या हातात मोबाइल दिला की ते पर्याय बघतं. आठवड्यातून एकदा त्याच्याकडून एखादा चिनी उतारा मराठीत सांगून घ्या. पुढचा प्रश्न तुम्ही आपोआप विचाराल, ‘कोण म्हणालं?’, ‘का?’, आणि ज्या जागी ते अडखळेल ती जागा पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडे पाठवा.